काजव्यांची बेरीज

अंधाराचे छायाचित्र काढता येते का? प्रश्न वरवर वेडगळ वाटेल. छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र; जिथे प्रकाशच नाही तिथे कॅमेरा बिचारा काय करणार? पण रात्री तिपाईवर कॅमेरा लावून बसण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांना ठाऊक असते, की डिजिटल कॅमेरा अंधाराचेही छायाचित्र काढतो. अर्धा मिनिट शटर उघडे ठेवून एखादे दृश्य टिपले, की बऱ्याच कॅमेऱ्यांत पुढचे चित्र लगेच घेता येत नाही. आतल्या आत आणखी अर्धा मिनिट त्याचे काहीतरी चाललेले असते. चाललेले काय असते, तर शटर बंद ठेवून तेवढाच वेळ तो निव्वळ काळोखाचे एक चित्र घेत असतो. बराच वेळ काम करीत राहिल्याने आतला सेन्सर तापतो आणि बाहेर नसलेले ठिपके दाखवू लागतो. काळोखाच्या चित्रात हे खोटे ठिपके तेवढे उमटतात. मग कॅमेरा पहिल्या चित्रातून दुसरे वजा करतो आणि उरेल ते आपल्या हाती ठेवतो.

यंत्राचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपण जास्तीचे काय दाखवले हे आपणच शोधायचे आणि आपल्याच हाताने काढून टाकायचे! गेली वीस-बावीस वर्षे मी हा रात्रीचा उद्योग करतो आहे, आणि अलीकडे मला सारखे वाटू लागले आहे, की कॅमेऱ्याला जे कळते ते कॅमेरा हाती धरणाऱ्यांना कळेनासे झाले आहे. रात्रीच्या छायाचित्रात आपण केवढी तरी बेरीज करतो आणि ती केल्याचे सांगत नाही. सांगितले नाही म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते, आणि ते कसे, हे पाहायला फार लांब जायला नको. रोहिणी नक्षत्र लागले, वळवाची एखादी सर पडून गेली, की आपल्या सह्याद्रीतल्या काजव्यांच्या झाडांखाली जाऊन उभे राहावे.

पण आधी ही बेरीज होते कशी, ते पाहू. आपला डोळा मोठा घाईचा आहे. आलेला प्रकाश तो सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यापुरता साठवतो आणि लगेच भांडे रिकामे करून पुढच्या दृश्याला लागतो. समोरून वाघ आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. कॅमेऱ्याला कुठे पळायचे नसते. गळक्या नळाखाली बादली लावून ठेवावी, तसे त्याचे शटर उघडे ठेवता येते. दहा सेकंद, तीस सेकंद, ‘बल्ब’ नावाच्या सोयीवर तर मनाला येईल तितका वेळ. थेंबाथेंबाने बादली भरते आणि डोळ्याला जिथे काळोखच दिसत होता, तिथे डोंगराची कड, झाडाचा शेंडा, आकाशगंगेचा पट्टा उमटतो. एवढेच नव्हे, तर रंगही उमटतात. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून उघड्या डोळ्यांना आकाशगंगा राखाडी दिसते आणि छायाचित्रात ती तांबूस-निळी दिसते. यात कॅमेरा खोटे बोलत नाही. तो रंग तिथे असतोच, आपल्याला दिसत नाही इतकेच.

फिल्मच्या जमान्यात हे काम जिकिरीचे होते. फिल्मला मंद प्रकाशाचा जणू कंटाळा येई. वेळ दुप्पट केला तरी परिणाम दुप्पट होत नसे, आणि अंदाज बरोबर होता की चुकला हे रोल धुऊन आल्यावर कळे. डिजिटलने ती कटकट संपवली. या क्रांतीचे मूळ १९६९ सालचे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ती साठवणारी चकती शोधली. त्याबद्दल दोघांना २००९ साली नोबेल मिळाले. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र साठवायला २३ सेकंद लागत, आणि ते साठत असे आपण गाणी ऐकत होतो तसल्या कॅसेटवर! आज खिशातला मोबाइल ‘नाइट मोड’मध्ये काही सेकंद धरला, की तो आपला आपणच अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करून टाकतो. ती बेरीज झाली हे ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यालाही कळत नाही.

बेरजेच्या जोडीला वजाबाकीही होते, आणि ती अधिक गमतीची आहे. १८३८ साली लुई दागेर या गृहस्थाने आपल्या खिडकीतून पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता मोठा वर्दळीचा, घोडागाड्या आणि पादचाऱ्यांनी गजबजलेला. पण त्या काळी एका चित्राला काही मिनिटे लागत. तेवढ्यात जे जे हलले ते ते चित्रातून पुसले गेले. उरला रिकामा रस्ता, आणि एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेत एक पाय वर करून उभा असलेला एक माणूस. तो स्थिर उभा होता म्हणून वाचला! छायाचित्रात माणूस दिसण्याची ही अगदी पहिली उदाहरणे, असे मानले जाते. तारायंत्राचे जनक सॅम्युएल मोर्स यांनी १८३९ साली पॅरिसमध्ये हे चित्र पाहिले आणि भावाला पत्र लिहून कळवले. त्या पत्रात त्यांनी चित्राचे कौतुक तर केलेच. पण हलणाऱ्या वस्तू त्यात उमटत नाहीत, एरवी हा रस्ता माणसांनी भरलेला असतो, हेही न विसरता लिहिले. छायाचित्रकला जेमतेम जन्मली होती, तेव्हाच कोणीतरी चित्राबरोबर त्याचा खुलासा जोडला होता. पावणेदोनशे वर्षांनंतर, आपण सगळेच छायाचित्रकार झालेलो असताना, तेवढे भान आपल्याला असायला काय हरकत आहे?

आता काजव्यांकडे वळू. मेच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, पुरुषवाडीला, तसेच लोणावळ्याजवळच्या राजमाचीला आणि सह्याद्रीत इतरही बऱ्याच ठिकाणी काजवे निघतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात. एक झाड लुकलुकते, विझते, पुन्हा लुकलुकते. कधी सगळे झाड एका तालात पेटते. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार आपण मुस्कटात खाल्लेल्या माणसासाठी राखून ठेवला आहे. पण हे दृश्य एकदा पाहिले, की मुस्कटात न खाताही माणूस सुन्न होतो.

या दृश्याची जी छायाचित्रे आपण पाहतो, ती कशी तयार होतात? संध्याकाळी थोडा उजेड असतानाच तिपाई रोवायची आणि झाडाचे, डोंगराचे एक चित्र घेऊन ठेवायचे. मग कॅमेरा जराही न हलवता, अंधार पडल्यावर वीस-तीस सेकंदांची एक अशा फ्रेम एकामागून एक घेत राहायच्या. पन्नास, शंभर, कोणी दोनशेही घेतो. घरी आल्यावर संगणकाला सांगायचे, की या सगळ्या फ्रेम एकमेकींवर ठेव आणि प्रत्येक बिंदूपाशी जी सर्वांत उजळ असेल ती ठेव. झाले! तासाभरात जितक्या वेळा म्हणून काजवे चमकले, ते सगळे चमकणे एकाच चित्रात एकाच क्षणी पेटते. गणित करून पाहा. एकच काजवा उडता उडता अर्ध्या मिनिटात वीस वेळा लुकलुकला, तर एका फ्रेममध्ये वीस ठिपके. पाहणाऱ्याला वाटते वीस काजवे. अशा शंभर फ्रेम एकावर एक चढल्या की झाडाला दिवाळीच्या माळा लावल्यासारखे दिसते.

ही झाली बेरीज. वजाबाकी पुढेच आहे. ज्या फ्रेममध्ये मागून आलेल्या गाडीचा दिवा झाडावर पडला, ती फ्रेम टाकून द्यायची. कोणी टॉर्च मारला, तीही टाकायची. अंधारात झाडाखालून ये-जा करणारी शंभर माणसे तर दागेरच्या घोडागाड्यांसारखी आपली आपणच पुसली जातात. हाती येते ते चित्र कसे? निर्मनुष्य रान, एकाकी झाड, आणि त्यावर कोट्यवधी काजव्यांचा वर्षाव. असे ठिकाण त्या रात्री तिथे नव्हतेच. काजवे त्याहून खूप कमी होते आणि माणसे त्याहून खूप जास्त होती.

हे चित्र मग मोबाइलवरून फिरते, सहलींच्या जाहिरातींत छापले जाते. खाली लिहिलेले असते, ‘काजवा महोत्सव, मुंबई-पुण्याहून जाण्यायेण्याची सोय, रात्रीच्या जेवणासह’. शनिवारी संध्याकाळी घाटरस्त्याला गाड्यांची रांग लागते.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझी आठवीतली भाची हट्टाने माझ्याबरोबर अशा एका वाडीत आली होती. तिने असेच एक चित्र पाहिले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, काहींचे दिवे चालूच, कुठे गाणी लावलेली, आणि झाडाखाली उभी राहून मंडळी मोबाइलचा फ्लॅश उडवताहेत. फ्लॅशचा उजेड चार-पाच हातांपलीकडे जात नाही आणि काजव्यांवर तर त्याचा उपयोग शून्य, हे सांगणार कोणाला? पोरगी हिरमुसली. म्हणाली, “मामा, एवढंच? फोटोत तर सगळं झाड पेटलेलं होतं.”

ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो होतो त्या मावशी म्हणाल्या, “आता नका बघू. गाड्या जाऊ द्या, मग जा. पूर्वी या आमच्या उंबरावरबी यायचे. आता इथं उजेड लई झाला, वर रानात गेलेत.” आम्ही ऐकले. जेवून बसलो आणि बऱ्याच उशिरा, गाड्या पांगल्यावर, मावशींच्या मुलाबरोबर बांधावरून वर गेलो. त्याने सगळे टॉर्च बंद करायला लावले. पहिली पाच मिनिटे काही दिसेना. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. मध्ये एकदा जरी मोबाइल उघडला तरी ते सगळे फुकट जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही बसून राहिलो. हळूहळू आधी गवतात, मग खालच्या फांद्यांवर, मग शेंड्यापर्यंत ती थरथर दिसू लागली. भाची बोलायची थांबली होती. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारले, “मामा, ते एकमेकांचं बघून लावतात का?”

हा प्रश्न तिला छायाचित्र पाहून कधीच पडला नसता. कारण छायाचित्रात सगळे काजवे पेटलेलेच असतात, विझतच नाहीत. आणि काजव्याची सारी भाषा त्या विझण्यात आहे. किती वेळ पेटायचे, किती वेळ विझायचे, पुन्हा कधी पेटायचे, यावरून नर आपली जात सांगतो. अनेक जातींत मादी गवतात किंवा झुडपावर बसून ठराविक वेळाने उत्तर देते. त्याच्या पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड प्रकाश तयार होतो. आपल्याला ती रोषणाई वाटते, त्याच्या दृष्टीने ते स्थळ शोधणे असते. आणि मुहूर्त फार थोडे असतात. अळीरूपात तो महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षाहून अधिक, ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढतो. पंख फुटल्यावरचे आयुष्य मात्र काही दिवसांचे, फार तर दोन-चार आठवड्यांचे. अशा जिवाचे दोन शनिवार-रविवार आपण गाड्यांच्या दिव्यांत बुडवले, तर त्याच्या आयुष्यातला केवढा हिस्सा बुडाला? ‘सूर्यापुढे काजवा’ असे आपण कोणाला तरी हिणवायला म्हणतो. मोटारीच्या दिव्यापुढे काजव्याचे काय होत असेल?

हा केवळ हळवेपणा नव्हे. जगभरात काजव्यांच्या २,००० हून अधिक जाती आहेत. त्यांना कशाचा धोका आहे, हे सारा लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अभ्यासकांना विचारून २०२० साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात मांडले. पहिला धोका निवारा नष्ट होण्याचा, दुसरा कृत्रिम प्रकाशाचा आणि तिसरा कीटकनाशकांचा. म्हणजे औषध फवारणीच्याही आधी आपले दिवे! आणि दिवे वाढतच आहेत. ताऱ्यांच्या दृश्यतेच्या ५१ हजारांहून अधिक नोंदी सामान्य नागरिकांकडून जमवून २०२३ साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत, पण आकडा कोणालाही विचार करायला लावील असा आहे. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले. ज्या गावात जन्माच्या वेळी २५० तारे दिसत, तिथल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील, असा त्याचा अर्थ संशोधकांनी सांगितला. आपल्याकडेही सुंदर अंधार आता राखून ठेवावा लागतो. लडाखमध्ये हानले येथे २०२२ साली तसे क्षेत्र घोषित झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघाबरोबर अंधारही राखीव झाला, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण राखीव ठेवण्याची पाळी आली, हेही त्यातूनच कळते.

माझे काही छायाचित्रकार मित्र यावर म्हणतात, “अहो, प्रत्येक छायाचित्र ही एक रचनाच असते. कृष्णधवल चित्रे काय खरी होती? जग कधी काळे-पांढरे होते?” मुद्दा चांगला आहे, पण पुरता नाही. सिनेमात नायक-नायिका डोंगरावर गाऊ लागली, की वाद्यवृंद कुठून आला असे आपण विचारत नाही. कारण तो संकेत बनवणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि पाहणाऱ्यालाही. कृष्णधवल चित्राचे तसेच. फ्रेमवर फ्रेम चढवण्याचा संकेत फक्त बनवणाऱ्याला ठाऊक आहे. पाहणारा ते चित्र म्हणजे त्या रात्रीची साक्ष समजतो, पैसे भरतो, मुलाबाळांना गाडीत घालून निघतो आणि तिथे पोहोचल्यावर आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. मग तो चित्रातले दृश्य मिळवण्यासाठी झाडाच्या आणखी जवळ जातो, टॉर्च मारतो, फांदी हलवतो, काजवे बाटलीत भरून मुलाच्या हातात देतो.

उलट, खुलासा केल्याने चित्राची शान कमी होते असेही नाही. तामिळनाडूत अनामलाईच्या जंगलात श्रीराम मुरली यांनी घेतलेल्या काजव्यांच्या चित्राला २०२३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत पुरस्कार मिळाला. त्या चित्राच्या ओळखीतच सांगितलेले आहे, की प्रत्येकी १९ सेकंदांच्या ५० फ्रेम एकत्र करून १६ मिनिटांतले काजव्यांचे चमकणे यात दाखवले आहे. ही बेरीज वाचून कोणी पुरस्कार परत मागितला नाही. मला तर ते वाचून चित्र अधिक आवडले. एक माणूस सोळा मिनिटे काळोखात थांबला आणि त्याने त्या सोळा मिनिटांचा हिशेब दिला, हे कळल्यावर त्या ठिपक्यांना अर्थ येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो आहे पोटाचा. ज्या वाड्या-वस्त्यांवर हे काजवे येतात, तिथे पेरणीआधीच्या या दिवसांत हाताला फारसे काम नसते. तंबूचे भाडे, पिठले-भाकरीचे जेवण, वाट दाखवण्याचे पैसे, यावर किती घरांची पावसाळ्याची बेगमी होते. शहरातल्या माणसाने पंख्याखाली बसून ‘गर्दी बंद करा’ म्हणायचे, हे उंटावरून शेळ्या हाकणे झाले. मीही ते म्हणत नाही. पण काजवेच आले नाहीत तर तंबूत कोण उतरणार? मावशींच्या उंबरावरून काजवे रानात गेले. उद्या रानातूनही गेले, तर नुकसान आधी मावशींचे होईल, माझे नव्हे. मी दुसरे काहीतरी टिपायला जाईन. म्हणून गाड्या गावाबाहेरच थांबवाव्या, तिथून गावातल्या वाटाड्याबरोबर थोड्या थोड्या माणसांनी पायी जावे, आणि त्या पायी जाण्याचे पैसे गावाला मिळावेत, अशी सोय गावांनीच ठरवून केली तर त्यात कोणाचे पोट मारले जात नाही. माणसे कमी आणि थांबणे जास्त, असा व्यवहार झाला तर मिळकतही टिकेल.

छायाचित्रकारांनी स्वतःपुरते काही नियम पाळावेत, असे मला वाटते. चित्राखाली एक ओळ लिहावी, इतक्या फ्रेम, प्रत्येकी इतके सेकंद, एकूण इतकी मिनिटे. संध्याकाळचे चित्र वेगळे घेऊन जोडले असेल तर तेही लिहावे. जाहिरातीसाठी चित्र दिले तर ती ओळ छापण्याची अट घालावी. शटर उघडे असताना टॉर्चने झाड रंगवून घेण्याची एक युक्ती असते; ती किल्ल्याच्या बुरुजावर खुशाल वापरावी, काजव्यांच्या झाडावर नको. कॅमेऱ्यामागचा पडदा मंद करावा, त्याच्या लुकलुकत्या लाल दिव्यावर चिकटपट्टी लावावी. पायाखाली पाहायला दिवा लागलाच तर तांबडा कागद लावून, जमिनीकडे धरून, क्षणभर. आणि वाट सोडून गवतात शिरू नये, कारण पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच मातीत असतात.

बाकीच्यांसाठी एकच विनंती. काजवे पाहायला गेलात तर घरातल्या एकानेच कॅमेरा धरावा, बाकीच्यांनी मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटे गप्प बसावे. मुले बसत नाहीत असे समजू नका. मुले मोठ्यांपेक्षा चांगली बसतात. आणि रात्रीची छायाचित्रे काढण्याची हौस असेल तर ती भागवायला घाट उतरायला हवा असे नाही. घराच्या गच्चीवर तिपाई लावा. तिपाई नसेल तर पाण्याच्या टाकीवर उशी ठेवून कॅमेरा टेकवा, हाताचा धक्का लागू नये म्हणून सेल्फ टायमर लावा आणि वीस सेकंदांचे एक चित्र घ्या. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला २४ मिलिमीटरची लेन्स असेल, तर वीस सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यांसारखे येतात. त्याहून वेळ वाढवला की ते ओघळू लागतात, कारण पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते आहे. अर्धा तास फ्रेम घेत राहिलात तर ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कमानी दिसतील. पृथ्वी फिरते हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. ते आपल्याच गच्चीवर उमटलेले पाहण्यात मजा और आहे.

त्याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसेल. शहराच्या बाजूचे आकाश पिवळट-पांढरे, धुतलेल्या पाटीसारखे आलेले असेल. नीट पाहिलेत तर त्यातला काही उजेड आपल्याच जिन्यातल्या, आपल्याच सोसायटीच्या गेटावरच्या, वर तोंड करून रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा असतो. त्या दिव्याला वरून एक झाकण बसवावे, किंवा माणूस आला की लागेल आणि गेला की विझेल असा तो करून घ्यावा. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय काढून पाहा. खर्च फार नाही, वीजबिलात थोडी बचतच होईल. कोणी विचारलेच, की एवढे कशासाठी, तर ते वीस सेकंदांचे चित्र दाखवा. आणि ते किती सेकंदांचे आहे, हेही सांगा.